रुचिच्या वाफ्यांतलं पाणी

नागरा, ता. गोंदिया
१९ ऑगस्ट २०२५

चि. रुचि,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस, पण पोस्टमनला अडवायची सोय अजून निघालेली नाही. म्हणून हे पत्र. घाबरू नकोस, भांडायला लिहीत नाही. जिंकलेल्या माणसाला भांडायची गरज नसते.

हो, मी जिंकले. काल उद्यान समितीचे अध्यक्ष यादोराव घरी आले होते. एरवी हा माणूस चहाला नाही म्हणतो आणि दाराशीच बोलून निघतो. काल आत येऊन बसले, चहा मागून घेतला, वर दुसरा कपही घेतला. मग म्हणाले, "म्याडम, तुमचंच खरं निघालं. पोरीचे वाफे यंदा बी सडून राहिले. मागच्या पावसाळ्यात सडले, आमी नवीन रोपं लावलो, तेबी सडले. आता समिती म्हणून राहिली का जुनी बाग होती तशीच करावी. आन् तुमीच उभं राहून करून द्यावी."

मी शांतपणे म्हटलं, "विचार करून सांगते." आतून मात्र मला दारात ढोल वाजवावासा वाटत होता.

नागऱ्याच्या रस्त्यावरची ती बाग कागदोपत्री समितीची असेल, पण माती माझी होती. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता मी ती उभी केली. एका कुलाचा एक वाफा, सरळ रांगा, प्रत्येक झाडापाशी पत्र्याची पाटी, पाटीवर वर मराठी नाव आणि खाली शास्त्रीय नाव. तू त्या पाट्या वाचतच अक्षरं शिकलीस. आणि मग तूच बागा आखायचं शिकून पुण्याहून आलीस, समितीला रंगीत चित्रं दाखवलीस, माझे सगळे वाफे मोडलेस आणि तुझे मांडलेस. उद्घाटनाच्या दिवशी मी माइकवर म्हणाले, "ही बाग नाही, हा लग्नाचा शामियाना आहे." तू त्याच संध्याकाळच्या गाडीने गेलीस. दीड वर्ष होऊन गेलं. बोलले ते बोलले, आजही शब्द मागे घेत नाही. पावसानेही माझ्याच बाजूने कौल दिला, त्याला मी काय करू?

समितीची सभा १४ सप्टेंबरला आहे. तिथे ठराव होईल की ही रचना फसली, वाफे मोडून टाकावेत. ठरावाची प्रत तुझ्या कंपनीला जाणार आहे. नागपूरच्या एका नव्या बागेचं काम तुझ्या हाती यायच्या बेतात आहे, हे मला ठाऊक आहे. तू दर रविवारी बाबूजींना फोन करतेस, ते अंगणात जाऊन बोलतात आणि आत येऊन मला काही सांगत नाहीत, असं तुम्हां दोघांचं ठरलेलं आहे. पण माझ्या नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. हा ठराव गेला तर ते काम तुझ्या हातून जाईल, एवढं मला कळतं. म्हणून आधी कळवते. परक्याच्या कागदावरून कळण्यापेक्षा आईकडून कळलेलं बरं.

बाबूजी ठीक आहेत. धान यंदा छान उभं आहे.

तुझी आई,
राजकुमारी


२६ ऑगस्ट

चि. रुचि,

रविवारी तू बाबूजींना विचारलंस, "आई बागेत गेली होती का?" म्हणजे पत्र पोचलं आणि तू ते वाचलंस. बाबूजी "नाही" म्हणाले, ते तेव्हा खरं होतं. आता गेले.

भलतेसलते अर्थ काढू नकोस. जुने वाफे कुठून कुठे होते ते मोजायला टेप घेऊन गेले होते. उद्घाटनानंतर मी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. गोंदियाला जाता-येता स्कूटीवरून नजर जायची, पण मी मान रस्त्याकडे ठेवायची. माळी केवलराम मला बघून उभाच राहिला. म्हणाला, "म्याडम, तुमी? काऊन?" मी म्हटलं, "काऊन म्हणजे? तिकीट आहे का बागेला?"

आता बागेचं सांगते. जे चांगलं आहे ते चांगलंच म्हणेन, माझा तसा स्वभाव आहे. तू कुलं मोडलीस आणि झाडं जिथली तिथे बसवलीस. अंगणातली एका ठिकाणी, शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची दुसरीकडे, तळ्याच्या काठची खाली तळ्याशी आणि जंगलातली वर उतारावर. धुऱ्याच्या वाफ्यात तू तरोटा लावला आहेस! उद्घाटनाच्या दिवशी मी तो पाहिला असता तर माइकवर आणखी दोन वाक्यं बोलले असते. ज्या तणाला आपण उपटून फेकतो त्याला वाफा आणि वर पाटी.

पण काल त्याच वाफ्यापाशी दोन बायका भांडत होत्या. एक म्हणत होती तरोट्याची भाजी चण्याच्या डाळीत करायची, दुसरी म्हणत होती डाळ घातली की चव मेली. दोघींच्या सासवा, माहेर, सगळं निघालं. मी ऐकत उभी राहिले. मग एकीने मलाच विचारलं, "बाई, तुमी कशी करता?" मी सांगितलं, नुसता लसूण आणि सुकी मिरची. दोघी माझ्यावर उलटल्या. माझ्या बागेत लोक पाट्या वाचायचे आणि हळू बोलायचे. तुझ्या बागेत भांडतात. यातलं कुठलं बरं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आता वाईट सांगते. उतारावरचे तुझे वाफे मेलेले आहेत. सफेद मुसळी कुजली. सर्पगंधा काळी पडली. अश्वगंधेचा तर मागमूस नाही. मातीत बोट घातलं तर पचपच पाणी वर आलं. नाल्याचा वास येतो. सर्पगंधेला पाय कोरडे लागतात, हे मी तुला शाळेत असताना शिकवलं होतं. मग तिला चिखलात कशी उभी केलीस? मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढं शिकून पोरीने हे करावं?

एक गोष्ट मात्र समजली नाही. मुसळीच्या कुजक्या वाफ्यात वेखंड माजलं आहे. ते खालून तळ्याकाठून वर सरकलं असावं. वेखंडाला तळ्याचा काठ लागतो. उतारावर ते काय करतंय?

केवलरामने शिट्टी वाजवली तेव्हा कळलं की बाग बंद व्हायची वेळ झाली. मोजमाप राहूनच गेलं. पुन्हा जावं लागेल.

आई


३ सप्टेंबर

चि. रुचि,

आज मी तुझी क्षमा मागणार नाही, पण एक गोष्ट कबूल करते: तू सर्पगंधेला चिखलात उभी केली नव्हतीस.

काल सकाळपासून झड लागली होती. मी छत्री घेतली आणि बागेत गेले. म्हटलं, वेखंडाचं कोडं पाऊस चालू असतानाच सुटेल. तुझ्या वाफ्यांना दगडाची बुटकी कड आहे, ती सगळीकडे सलग दिसते. मी वाकून एकेका वाफ्याच्या खालच्या अंगाची कड हाताने चाचपत गेले. एका जागी दगड नव्हता. तिथे घट्ट माती होती. छत्री बाजूला ठेवली आणि काठीने ती माती उकरली. आत तणस निघाली, धानाचा वाळका पेंढा. पिळून वेटोळं केलेली, चिखलात बसवलेली आणि वरून टाचेने दाबलेली. मी ते बोळं ओढून काढलं आणि वाफ्यातलं साचलेलं पाणी माझ्या पायावरून धो धो खाली गेलं. पुढच्या वाफ्याला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. तू प्रत्येक वाफ्याला पाणी बाहेर पडायला तोंड ठेवलं होतंस आणि ते प्रत्येक तोंड कुणीतरी मन लावून बंद केलं होतं.

मी केवलरामला हाक मारली. म्हटलं, "हे काय आहे?"

तो बघून म्हणाला, "बुजवलेलं हाय ना, म्याडम."

"ते मला दिसतंय. पण का?"

"पानी वाहून जाऊन राहिलं होतं ना," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर चुकल्याचा लवलेश नव्हता. "आता थांबते. बरंच हाय ना?"

आता सांग, मी त्याला काय बोलू? धानाच्या मुलखातला माणूस आहे. धानाच्या बांधीत उभं केलेलं पाणी बाहेर जाताना दिसलं की आपल्याकडचं कुणीही आधी पायाने माती ओढतं आणि मग विचार करतं. माळव्यातून आलेले आपले पूर्वज इथे राहिले आणि धान पिकवू लागले, तेव्हापासून पाणी धरून ठेवणं हाच आपला धर्म आहे. पाणी सोडून द्यायची अक्कल आपल्याला कुणी शिकवलीच नाही.

तू मागच्या वर्षी समितीला कळवलं होतंस म्हणे, की पाणी कुठेतरी अडतंय, बघा. केवलरामने सांगितलं. यादोरावांनी तुला उत्तर दिलं, "इथं पान्याचं सगळ्यायले कळते." हे ऐकून मला एकटीला हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं. पोरी, तू एकदा गाडीत बसून येऊन स्वतः का नाही बघितलंस? मी तिथे आहे म्हणून? नाकावरचा राग तू कुणाकडून घेतलास ते मला ठाऊक आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

तोंडं कुणी बुजवली तेही मला कळलं आहे. केवलरामने नाव घेतलं नाही आणि मी विचारलंही नाही. तणस पिळायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते आणि ही तऱ्हा मी रोज बघते. आज लिहीत नाही. त्या माणसाशी आधी बोलायला हवं.

आई


८ सप्टेंबर

चि. रुचि,

ते तुझे बाबूजी आहेत.

पत्र हातातून ठेवू नकोस, पुढे वाच. पावसाळ्यात धानाची रोवणी झाली की ते सकाळी फावडं घेऊन सायकलने "जरा फेरी मारून येतो" म्हणून जातात. मला वाटायचं आपल्या बांध्या बघायला जातात. बांध्या बघून ते पुढे तुझ्या बागेत जात होते. गेल्या वर्षीही आणि यंदाही. पाऊस झाला की तुझ्या वाफ्यांतून पाणी खाली पळताना बघायचे आणि एकेक तोंड बुजवून यायचे. कुठे पाझर दिसला तर पुन्हा लिंपायचे. घरची तणस पिशवीत घालून न्यायचे. मला न सांगता, कारण मी त्या बागेचं नाव घरात काढू देत नव्हते.

शुक्रवारी जेवताना मी सरळ विचारलं, "बागेतली तोंडं तुम्ही बुजवली?"

त्यांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाले, "मीच! दुसरा कोन बुजवन? रुचि पुन्याले रायते, तिले काय मालूम इथचं पानी कसं पळते ते. तिनं बांध्या झक्कास बांधल्या, पन तोंडं उघडी ठेवली. राहून गेलं असन गडबडीत. मी म्हटलो, पोरीचं काम हाय, आपन सांभाळून घेऊ."

मग मी त्यांना सांगितलं. ते वाफे बांध्या नाहीत. तोंडं गडबडीत राहिली नाहीत, मुद्दाम ठेवली आहेत. त्या मुळांना साचलेलं पाणी म्हणजे विष. झाडं त्यानेच मेली आणि आता त्यापायी रुचिच्या नावावर ठराव होणार आहे.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, घास ताटात ठेवला आणि हात धुतले. त्या दिवसापासून धड जेवलेले नाहीत. फावडं गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं आहे, त्याला हात लावत नाहीत. गावतळ्याचं पाणी बांध्यांना सोडायचं होतं म्हणून गावातून बोलावणं आलं, तर "दुसऱ्याले न्या" म्हणाले. तुला ठाऊक आहे, तळ्याच्या पाण्यावरून कुणाचं बिनसलं की सगळे आधी बाबूजींकडे, त्यांच्या तुलसीरामभाऊंकडे येतात. कुणाच्या बांधीत आधी, कुणाच्या नंतर, किती वेळ, हे ते सांगतील ती शेवटची गोष्ट. आयुष्यभर कमावलेली हीच एक इज्जत. आणि त्याच माणसाने स्वतःच्या पोरीची बाग पाण्यात बुडवली.

काल मला म्हणाले, "रुचिले सांग. मले फोनवर सांगता येत नाही. पन गावात नको सांगू. समितीत तर नकोच."

मी म्हटलं, "सभेत नाव घेणार नाही. तोंडं बुजली होती, एवढंच सांगेन." ते "हो" म्हणाले. त्या "हो" मध्ये काही दम नव्हता.

तू त्यांच्यावर रागावणार आहेस का? रागावायचं तर माझ्यावर रागाव. माझं बोलणं मुद्दाम होतं. त्यांचं मुद्दाम नव्हतं.

आई


१५ सप्टेंबर

चि. रुचि,

काल सभा झाली. आधी निकाल सांगते म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको: ठराव झाला नाही. तुझे वाफे राहिले. आता कसं झालं ते सावकाश ऐक.

बागेतल्याच टिनाच्या शेडमध्ये बसलो होतो. यादोरावांनी ठराव वाचला आणि माझ्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं मी आता पदर खोचून उठेन आणि जुन्या वाफ्यांची आखणी मांडेन. मी उठले खरी. पिशवीतून तणसाची बोळी काढली, वाळून कडक झालेली, आणि टेबलावर ठेवली. म्हटलं, "रचना फसली नाही. ही बोळी वाफ्यांच्या तोंडांत अडकली होती." मग वर्गात सांगायचे तसं सगळं सांगितलं. मुळं श्वास कशी घेतात, पाणी साचलं की काय होतं, सर्पगंधा कुठे वाढते आणि वेखंड कुठे. लोक ऐकत होते. माझा आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जातो, हे लिहून ठेव.

यादोराव म्हणाले, "ते बरोबर हाय, म्याडम. पन तोंडं बुजवली कोन?"

मी म्हटलं, "त्याची गरज नाही."

"गरज कशी नाही? समितीचे पैसे गेले. चावी केवलरामपाशी रायते." आणि ते केवलरामकडे वळले. "तूच ना बे? उद्यापासून नको येऊ कामावर."

केवलराम खाली बघत उभा राहिला. रुचि, त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने बाबूजींना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, पण तोंडातून शब्द काढला नाही. दोन पोरी शिकत आहेत त्याच्या. मी बाबूजींना शब्द दिला होता आणि तो तिथल्या तिथे मोडायचं मी ठरवलं. तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"त्याले काऊन बोलून राहिले? मी बुजवलो."

ते कधी आले मला कळलंच नाही. चपलांच्या ढिगापाशी उभे होते, धुतलेला पांढरा शर्ट घालून. सगळ्यांनी माना वळवल्या. ते पुढे आले नाहीत, तिथूनच बोलले, "दोन पावसाळे मी बुजवलो. माझ्या पोरीच्या बांधीतलं पानी जाऊन राहिलं होतं. मले पाहवलं नाही. ते बांधी नव्हती, हे मले समजलं नाही. चुकलो. यात पोरीची चूक नाही, अन् केवलरामची बी नाही. तुमाले जे लिहायचं ते माझ्या नावानं लिहा."

मला वाटलं आता कुणीतरी हसेल आणि मग मी काय करेन याची माझी मलाच भीती वाटली. बोलले ते दुर्गाप्रसादजी, राइस मिलवाले. ते म्हणाले, "तुलसीराम भाई, मैं भी रोज़ सुबह यहाँ घूमने आता हूँ. क्यारियाँ भरी देखकर सोचता था, वाह, क्या पानी रोका है. मुझे खुला दिखता तो मैं भी बंद कर देता."

मग एकेकाचं सुरू झालं. एक म्हणाला, त्याने स्वतः एका तोंडावर पायाने माती ओढली होती. दुसऱ्याने बायकोला दाखवलं होतं की बघ, पाणी कसं धरलंय. शेवटी यादोराव कान खाजवत म्हणाले, "खरं सांगू का, भरलेले वाफे पाहून मले बी बरंच वाटे." आणि मग सगळे हसले. बाबूजीही हसले असतील असं तुला वाटेल. ते हसले नाहीत. त्यांनी केवलरामच्या पाठीवर हात ठेवला आणि चप्पल घालून निघून गेले.

यादोरावांनी मला विचारलं, "म्हणजे म्याडम, तुमाले तुमचे जुने वाफे नको?"

मी म्हटलं, "हवेत. आजही हवेत. माझे वाफे जास्त शिस्तीचे होते आणि पाट्यांची अक्षरं जास्त चांगली होती. पण जे जिवंत राहू शकतं ते मी मोडणार नाही. तोंडं उघडी ठेवून येता पावसाळा जाऊ द्या. तरीही सडलं, तर पहिली कुदळ मी मारीन." हे सगळं मी माइकवर बोलले, रुचि. त्याच माइकवर. तुझ्या कंपनीला समिती पत्र पाठवते आहे की आखणीत दोष नव्हता. मसुदा मी तपासला. यादोरावांना शुद्धलेखन येत नाही.

आई


२८ सप्टेंबर

चि. रुचि,

पार्सल मिळालं. सर्पगंधेच्या रोपांची मुळं तू ओल्या गोणपाटात गुंडाळली होतीस, म्हणून एकही मेलं नाही. आत चिठ्ठी नव्हती. मी दोनदा शोधली, मग गोणपाटही झटकून बघितलं. हरकत नाही. रोपं आली म्हणजे तू आलीस, असं मी धरून चालले आहे, आणि तू यायची बाकी आहेस हेही विसरलेले नाही. मला तुझी आठवण येते. एवढं स्पष्ट लिहिल्यावर आणखी काय लिहू?

रोपं मी आणि केवलरामने उतारावर लावली. परवा दुपारी पाऊस कोसळला, परतीचा, पण जोर असा की अंगणातली बादली वाहून गेली. बाबूजी ओसरीत बसले होते. मी म्हटलं, "चला, बघून येऊ." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मी स्कूटी काढली आणि हॉर्न वाजवत बसले. अखेर आले, मागे बसले. फावडं घेतलं नाही.

बागेत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. तुझ्या वाफ्यांच्या सगळ्या तोंडांतून पाणी बाहेर पडत होतं, दगडी नाल्यांतून उतरून खाली तळ्यात जमत होतं. वरच्या वाफ्यांत माती ओली होती, पण पाणी कुठेही उभं नव्हतं. रोपं ताठ होती. मला ते बघून फार बरं वाटलं. कुणी विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं की हे माझ्या पोरीने आखलं आहे.

बाबूजी हात मागे बांधून उभे होते. पाणी जाताना थोडा वेळ बघितलं आणि मग तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "काय झालं? बरोबर चाललंय की."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पन मले पाहवत नाही."

"अहो, जाऊ द्या. गेलेलंच बरं आहे."

पावसाचा आवाज मोठा होता, मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी पोरगी ब्याग घेऊन जाऊन राहिली होती. मी दारात उभा होतो. एक शब्द बोललो असतो त थांबली असती. बोललो नाही. मंग दोन पावसाळे तिचं पानी अडवत बसलो."

हे तुला लिहू नको, असं त्यांनी मला घरी येईपर्यंत बजावलं. मी आजवर कुणाचं ऐकलं आहे?

तुझी आई,
राजकुमारी